कार्यमुक्त

आमच्या आगाराच्या वर्कशॉपमधल्या एका प्रभारकांना, म्हणजे चार्जमनना, सगळे भोसरीकर म्हणतात. भोसरीत त्यांचं घर नाही, शेत नाही, सासुरवाडी तर नाहीच. खरं आडनाव मस्टरवर आहे आणि ते पगारपत्रकावर सही करताना तेवढं कामाला येतं. पण एसटीत माणसाला नाव पडतं ते त्याच्या मार्गावरून. वीस वर्षं अक्कलकोटची मुक्कामी गाडी नेणारा ड्रायव्हर आमच्याकडं ‘स्वामी’ झाला, पंढरपूरवाला ‘माउली’ झाला. भोसरीकरांचा मार्ग एकच : आगार ते भोसरी आणि परत. फेऱ्या अनियमित, भारमान एक माणूस.

भोसरी म्हणजे पुण्याजवळचं, पुणे-नाशिक रस्त्यावरचं गाव. इतरांना तिथले कारखाने आठवतात, वाहतुकीतल्या माणसाला शाळा आठवते. एसटीची मध्यवर्ती प्रशिक्षण संस्था भोसरीत आहे, आणि केंद्र सरकारनं व राज्य परिवहन उपक्रमांच्या संघटनेनं मिळून १९६७ साली काढलेली सेंट्रल इन्स्टिट्यूट ऑफ रोड ट्रान्सपोर्ट, म्हणजे सीआयआरटीही, तिथंच आहे. पहिलीत आपली माणसं जातात, दुसरीत देशभरातल्या महामंडळांचे साहेब लोक नि तंत्रज्ञ. वेळापत्रक कसं आखावं, डिझेल कसं वाचवावं, इंजिन कधी उघडावं आणि मुख्य म्हणजे कधी उघडू नये, हे सगळं तिथं शिकवतात. चांगलं शिकवतात. त्यांच्याबद्दल तक्रार नाही. जी काही गडबड आहे ती इकडून विद्यार्थी पाठवणाऱ्या माणसाची, आणि तो माणूस मी. आगाराच्या आस्थापना शाखेतला लिपिक.

कसं होतं, ते सांगतो. वरून पत्र येतं. पत्रावर तारीख गेल्या सोमवारची, आमच्याकडं पोचतं गुरुवारी, आणि नाव कळवायची मुदत असते बुधवारपर्यंत. मजकूर कायमचा ठरलेला : ‘आपल्या आगारातील होतकरू, कार्यक्षम व जबाबदार कर्मचाऱ्याचे नाव प्रशिक्षणासाठी उलट टपाली कळवावे.’

मी पत्र घेऊन डेपो मॅनेजर साहेबांकडं जातो. साहेब एका कानाला फोन लावून दुसऱ्या कानानं एका कंडक्टरचं रडगाणं ऐकत असतात. आम्ही होतकरू माणसं मोजायला बसतो. हेड मेकॅनिक नाना? नाना तीन दिवस गेले तर पिटावरची गाडी पिटावरच म्हातारी होईल. ड्युट्या लावणारे भाऊसाहेब? ते गेले तर सकाळी सहाच्या गाडीवर दोन ड्रायव्हर नि सातच्या गाडीवर दोन कंडक्टर चढतील. स्टोअरकीपर? ते जातील, पण किल्ल्याही बरोबर नेतील. म्हणजे जो खरोखर होतकरू आहे त्याला सोडता येत नाही, आणि ज्याला सोडता येतं…

“भोसरीकरांचं टाका,” साहेब मान वर न करता म्हणतात.

मग मी आदेश टंकतो : ‘संबंधित कर्मचाऱ्यास दि. अमुक रोजी मध्यान्होत्तर कार्यमुक्त करण्यात येत आहे.’ सरकारी भाषेला लोक उगाच नावं ठेवतात. एवढा नेमका शब्द कुठल्या कवीला सुचला असता? भोसरीकर मध्यान्होत्तर कार्यमुक्त होत. मध्यान्हपूर्व ते कार्ययुक्त होते की नाही, हे आदेशात लिहायची पद्धत नाही.

पण माणूस आळशी नाही हो. आळशी असता तर फार पूर्वी रुळला असता. भोसरीकरांचा दोष म्हणजे त्यांना प्रत्येक गोष्ट पद्धतशीर हवी असते. संध्याकाळी गाडी आत येते, ड्रायव्हर लॉगशीटवर लिहितो : ‘ब्रेक कमी लागतो.’ नाना हे वाचायच्या आधीच चाकाखाली शिरलेले असतात. भोसरीकर ड्रायव्हरला थांबवून विचारतात, “कमी म्हणजे किती कमी?”

ड्रायव्हर विचार करून सांगतो, “पहिली म्हैस वाचली साहेब. दुसरी थोडक्यात.”

भोसरीकर हे वहीत लिहून घेतात. वहीत त्यासाठी रकाना आखलेला असतो. तोवर नानांनी ब्रेक समायोजित केलेला असतो, हात पुसलेले असतात, आणि गाडी रातराणीला लागलेली असते.

इंधन बचतीच्या प्रशिक्षणाहून आले तेव्हा पहिले आठ दिवस त्यांनी गेटवर उभं राहून ड्रायव्हरांना गणित घातलं. गाडी दिवसाला तीनशे किलोमीटर चालते असं धरा. लिटरला पाच किलोमीटर पडलं तर साठ लिटर डिझेल लागतं. सव्वापाच पडलं तर सत्तावन्न. म्हणजे नुसत्या पाव किलोमीटरच्या सुधारणेत एका गाडीमागं जवळपास तीन लिटर वाचतात, आणि साठ गाड्यांच्या आगारात रोजचे एकशे सत्तर. उभ्या गाडीचं इंजिन चालू ठेवू नका, क्लचवर पाय ठेवून बसू नका, टायरमधली हवा बघा. सगळं खरं. कागदावर आणि रस्त्यावरही खरं. फक्त ते हे सांगत पहाटे पाच पन्नासला, जेव्हा सहाच्या सहा गाड्या एका गेटातून बाहेर पडायच्या असतात. गणित पुरं होईपर्यंत मागच्या पाच गाड्या इंजिन चालू ठेवून रांगेत उभ्या राहत. तेवढ्या दिवसांत आमचं केएमपीएल, म्हणजे लिटरमागचे किलोमीटर, वर गेलं नाही. किंचित खालीच आलं.

“ॲक्सिलरेटरखाली अंडं ठेवलंय असं समजून पाय ठेवा,” ते शेवटी म्हणत.

“साहेब, माझी गाडी घाटाची,” स्वामी म्हणाले. “वर पोचेपर्यंत ऑम्लेट होईल.”

वेळेच्या नियोजनाचं शिकून आले तेव्हा वर्कशॉपच्या फळ्यावर त्यांनी चार चौकोन काढले. तातडीचं आणि महत्त्वाचं, तातडीचं पण महत्त्वाचं नाही, असे. प्रत्येकानं आपलं काम योग्य चौकोनात लिहायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहिलं तर तातडीच्या आणि महत्त्वाच्या चौकोनात अकरा जणांच्या रजा होत्या, तातडीचं नाही आणि महत्त्वाचंही नाही या चौकोनात कुणीतरी ‘भोसरीकर’ लिहिलं होतं, आणि बाकीच्या दोन चौकोनांत कोणाला काही सुचलं नव्हतं. नानांनी फळा पुसला. म्हणाले, “साहेब, आपल्याकडं एकच चौकोन असतो. पिटाचा. त्यात जी गाडी उभी असेल ती तातडीची.”

भोसरीकरांनी हे वाक्यही वहीत लिहून घेतलं. पुढच्या प्रशिक्षणात त्यांनी ते सांगितलं नि टाळ्या पडल्या, असं ऐकतो.

मग विजेच्या गाड्या आल्या. एसटीची पहिली गाडी १ जून १९४८ ला धावली, नगर-पुणे मार्गावर. बरोबर चौऱ्याहत्तर वर्षांनी, १ जून २०२२ ला, त्याच मार्गावर विजेवरची शिवाई धावली. आमच्या आगारात विजेची गाडी येण्याची शक्यता तेव्हा तरी एवढीच होती की रस्ता चुकून येईल. पण पत्र आलं, आणि भोसरीकर जाऊन आले. उच्च दाबाच्या वायरी नारिंगी रंगाच्या असतात, वीजपुरवठा तोडल्याशिवाय आणि रबरी हातमोजे चढवल्याशिवाय त्यांच्या वाटेला जायचं नाही, हे त्यांच्या मनावर असं काही ठसलं की परत आल्यावर ते नारिंगी दिसेल त्यापासून चार हात दूर राहू लागले. नागपूरच्या गाडीनं कुणीतरी संत्र्यांची करंडी आणली. सगळ्यांनी खाल्ली. भोसरीकर म्हणाले, “आधी कुणीतरी सोलून द्या.”

एकदा तर ते थेट सीआयआरटीत जाऊन बसले. नाव एका साहेबांचं होतं. साहेबांना सोडता येईना. भोसरीकरांना सोडता येत होतं. तिथं मोठमोठ्या अधिकाऱ्यांच्या मधोमध आमचे प्रभारक पाच दिवस बसले. एका बाजूला राजस्थानचा फोरमन, दुसऱ्या बाजूला गोव्याच्या कदंब महामंडळाचा तंत्रज्ञ. परत आल्यावर त्यांनी आम्हाला कारभाराचं मर्म तीन बोटांवर सांगितलं : आपल्या शंभर गाड्यांपैकी रस्त्यावर किती, रस्त्यावरची एक गाडी दिवसाला किती किलोमीटर पळते, आणि एका किलोमीटरला हातात किती पैसे पडतात. “बाकी सगळा तपशील,” ते म्हणाले.

“आणि शेवटच्या बाकावरच्या म्हातारीला सुटे कोण देणार?” स्वामींच्या गाडीवरच्या कंडक्टरनं विचारलं.

“ते तपशिलात येतं.”

भोसरीकरांच्या विद्वत्तेची खरी कमाई मात्र त्यांच्या घरी दिसते. भिंतीवर प्रमाणपत्रं आहेत. ओल येते त्या भिंतीवर जास्त आहेत. ओळीनं टांगलेले समूहफोटो पाहत गेलं की एका माणसाची बढती दिसते, जी महामंडळानं त्यांना कधी दिली नाही : पहिल्या फोटोत मागच्या रांगेत उभे, अर्धा कान दिसतोय, मग मधली रांग, मग पुढं खाली बसलेले, आणि अलीकडच्या दोन फोटोंत प्राचार्यांच्या शेजारी, खुर्चीवर. आणि पिशव्या. प्रत्येक प्रशिक्षणाला एक पिशवी मिळते, तीत वही, पेन आणि सत्राचा कागद. मंगळवारच्या बाजारात वहिनी निघतात तेव्हा भोपळा ‘इंधन बचत’मध्ये असतो, मेथी ‘तणावमुक्ती’मध्ये, आणि अंडी ‘सुरक्षित वाहतूक’मध्ये. बाजार बघून कळतं, महामंडळानं कर्मचाऱ्यांवर किती मेहनत घेतली ते.

प्रशिक्षणाच्या शेवटच्या दिवशी अभिप्रायाचा फॉर्म देतात. ‘प्रशिक्षणात कोणत्या सुधारणा सुचवाल?’ या प्रश्नाला भोसरीकर दरवेळी एकच उत्तर लिहितात : ‘कालावधी वाढवावा.’

मला वाटायचं, या माणसावर सरकारचा एवढा कागद, एवढा चहा, एवढं शिक्षण खर्ची पडलं, आणि आगाराला काय मिळालं? एक रिकामा फळा. हे वाटणं कसं उतरलं, ते आता सांगायला हवं.

आषाढीला महाराष्ट्रभरातून एसटीच्या जादा गाड्या पंढरपूरला जातात. अलीकडं हा आकडा पाच हजारांच्या घरात असतो. गावाबाहेर तात्पुरती बसस्थानकं उभी राहतात, मांडवात कंट्रोल रूम, चिखलात रांगा, आणि माणसं इतकी की कर्णा ओरडून ओरडून घसा बसलेल्या माणसासारखा बोलू लागतो. आमच्या आगाराच्या गाड्यांबरोबर एका वर्षी नाना, मी आणि भोसरीकर होतो. मी हजेरीसाठी. भोसरीकर का, तर साहेब म्हणाले होते, “इथं राहून तरी काय करणार आहेत?”

द्वादशीच्या पहाटे दोनला आमची एक गाडी भरली. आत पंचेचाळीस माउली, त्यांची बोचकी, चार तुळशी वृंदावनं आणि एक विणेकरी. ड्रायव्हरनं इंजिन चालू केलं, पण हवेचा काटा वर चढेना. नाना खाली शिरले, कान लावला, बाहेर आले.

“ब्रेकचा डायफ्राम फाटलाय. हवा टिकणार नाही.”

“दुसरा?”

“आपल्याकडं या मॉडेलचा नाही. इथल्या स्टोअरात विचारलं. होते ते संध्याकाळीच गेले.”

हवा नाही तर ब्रेक नाही, ब्रेक नाही तर गाडी नाही. आतून एक आजी म्हणाल्या, “निघायची का रं माउली? एकादशी अजून सोडायची हाय.” कुणाकडं उत्तर नव्हतं. भोसरीकरांनी पिशवीतून डायरी काढली. पिशवीवर लिहिलं होतं ‘ताफा व्यवस्थापन’. मला वाटलं, आता हे बिघाडाचा रकाना भरणार. त्यांनी फोन लावला.

“हॅलो, इंधन बचत अकोला? हां, मीच, भोसरीकर. दुसऱ्या रांगेत, खिडकीपाशी… हां हां, तुमचं पांघरूण मी घेतलं होतं तो. कुठं आहात? पंढरपुरातच ना?”

इंधन बचत अकोला पलीकडच्या स्थानकावर होते, पण त्यांच्याकडं डायफ्राम नव्हता. त्यांनी अग्निशमन धाराशिवचं नाव सांगितलं. अग्निशमन धाराशिव झोपेतून उठले आणि म्हणाले, या मॉडेलच्या गाड्या यंदा बीडकडून आल्यात.

“तणावमुक्ती बीड,” भोसरीकर डायरीत बोट फिरवत म्हणाले. तणावमुक्तीनं दोनदा फोन उचलला नाही. तिसऱ्यांदा उचलला नि पहिल्याच वाक्यात शिवी दिली. मग आवाज ओळखला. मग दोघं एक मिनिट मेसच्या वांग्याच्या भाजीबद्दल बोलले. मी घड्याळ बघत होतो, पण आता कळतं, ते मिनिट वाया गेलेलं नव्हतं. ते अर्जावर लावायचं तिकीट होतं. बीडची एक गाडी गिअरबॉक्स गेल्यानं दुपारपासून स्थानकाच्या कडेला उभी होती. ती आज जागची हलणार नव्हतीच. “तिचा काढून न्या,” तणावमुक्ती म्हणाले. “कागद उद्या करू.”

कागद उद्या करू! तीस वर्षांच्या नोकरीत हे वाक्य मी दोन आगारांच्या मध्ये कधी ऐकलं नव्हतं. एकाचा नट दुसऱ्याला द्यायचा तर आमच्याकडं चार सह्या नि दोन शिक्के लागतात.

नाना कुणाच्या तरी मोटारसायकलवर मागं बसून गेले, डायफ्राम घेऊन आले, आणि त्यांनी तो बसवला. भोसरीकरांनी काय केलं? बॅटरी धरली. तीही जरा तिरकीच धरली. नाना दोनदा ओरडले. सव्वातीनला काटा चढला, सळसळ थांबली, आतून ‘पुंडलिक वरदे’चा गजर झाला आणि गाडी निघाली.

नाना हात पुसत माझ्याशेजारी येऊन उभे राहिले. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “माझी मुख्य कारखान्यात एक ओळख आहे. फार तर दोन. या माणसाच्या डायरीत अख्खा महाराष्ट्र भोसरीला राहून गेलाय.”

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. प्रत्येक आगार आपला सोडता येण्यासारखा माणूस पाठवतं. असे अडीचशेच्या आसपास आगारांचे सोडता येण्यासारखे लोक रात्री एका वसतिगृहात, एका चहाच्या टपरीवर भेटतात. दिवसा त्यांना काय शिकवलं जातं ते वहीत राहतं; रात्री ते एकमेकांना सांगतात की कुणाकडं कुठली गाडी बंद आहे, कुठला स्टोअरवाला गोड बोलला तर ऐकतो, आणि कुणाच्या लेकीचं यंदा जमलंय. कागदावर आगारं एकमेकांना पत्र लिहितात आणि पत्राला आठ दिवस लागतात. खाली मात्र एक दुसरंच महामंडळ चालतं, ज्याची मुख्य कचेरी टपरीवर आहे. वेळापत्रकात असा कुठलाही तास नाही. भोसरीकर ‘कालावधी वाढवावा’ का लिहायचे, ते मला त्या पहाटे कळलं.

गोष्ट आगारात पोचली. नानांनीच सांगितली, आणि नाना कौतुक करतात म्हणजे साहेबांना दखल घ्यावीच लागते. त्यानंतर कुठलाही भाग अडला की साहेब म्हणू लागले, “भोसरीकरांना विचारा, कुणाकडं मिळेल.” टायर आले, फॅनबेल्ट आले, एकदा तर शेजारच्या विभागातून अख्खा रेडिएटर आला. भोसरीकरांच्या टेबलावर फोन वाजायला लागला. त्यांना आता रकाने आखायला सवड मिळेना.

दोन महिन्यांनी वरून पत्र आलं. तारीख गेल्या सोमवारची, आज गुरुवार. मी सवयीनं विचारलं, “भोसरीकरांचं टाकू?”

साहेबांनी या वेळी मान वर केली. “वेडे आहात का? त्यांना कसं सोडायचं? आगार चालणार कसं?”

मी वर्कशॉपमध्ये जाऊन भोसरीकरांना सांगितलं. एखाद्याला बढती मिळाल्यावर जसा चेहरा होतो तसा त्यांचा झाला नाही. बदली झाल्यावर होतो तसा झाला. “कुठलं होतं?” त्यांनी विचारलं. मी म्हणालो, “कार्यालयीन कामकाज आणि अभिलेख व्यवस्थापन. तीन दिवस.” ते म्हणाले, “ते माझं राहिलं होतं.”

मी परत साहेबांसमोर. नानांना सोडता येत नाही. भाऊसाहेबांना सोडता येत नाही. स्टोअरकीपर किल्ल्या नेतील. भोसरीकर आता होतकरू झाले. साहेबांनी माझ्याकडं पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग अगदी हलक्या आवाजात म्हणाले, “तुमचंच टाका.”

तीस वर्षं मी लोकांची नावं त्या रकान्यात टंकली. स्वतःचं टंकताना बोट अडखळलं. ‘संबंधित कर्मचाऱ्यास मध्यान्होत्तर कार्यमुक्त करण्यात येत आहे.’ शब्द तेच होते. या वेळी ते मला जरा बोचले.

निघायच्या दिवशी भोसरीकर स्टँडवर सोडायला आले. शिवाजीनगरपर्यंत जाऊ नका, नाशिक फाट्याला उतरा, म्हणाले. सकाळच्या चहाची पहिली फेरी पातळ असते, दुसरी घ्या. खिडकीजवळची खाट धरा. वर्गात दुसऱ्या रांगेत बसा. पहिलीत प्रश्न विचारतात, शेवटच्या रांगेत झोप येते. फोटोला या वेळी मागं उभं राहावं लागेल, वाईट वाटून घेऊ नका. गाडी हलली तशी ते खिडकीबरोबर चार पावलं चालले.

“आणि पिशवी देतील ती नीट सांभाळा,” ते ओरडले. “मोठी असते. भोपळा मावतो.”